सहा व्होल्टची वीज

आमच्या गावात वीज सर्वप्रथम आमच्या घरी आली, हे मला कुटुंबाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवून ठेवायचं आहे. तलावाच्या पाळीपासून पार पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीपर्यंत साऱ्या गावात तेव्हा रॉकेलच्या चिमण्या जळत. खांब आणि तारा यायला अजून कितीतरी वर्षं होती. अशा काळात आमच्या घरी वीज होती. ती सहा व्होल्टची होती, एका मोटारसायकलीत राहायची, आणि बहुतेक दिवस घरी नसायची.

मोटारसायकल बाबांनी आणली ती मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, गेल्यावर. मालगुजारी कायद्यानं एका दिवसात गेली. बाबांच्या मानेतून जायला तिला फार वेळ लागला. आपल्या पूर्वजांनी तलाव बांधला, त्या पाण्यावर गाव उभं राहिलं, तेव्हा घराबाहेर पडताना आपण जमिनीपासून निदान तीन फूट वर असलं पाहिजे, असं त्यांचं साधं मत होतं. त्यासाठी घोडी होती. ती म्हातारी होऊन मेली. नव्या राज्यात नवी घोडी बरी दिसणार नाही असं कोणीतरी त्यांच्या कानात घातलं, आणि लढाई संपल्यावर लष्करानं काढून टाकलेली वाहनं लिलावात मिळतात, हेही त्याच माणसानं सांगितलं. महिनाभरानं शेवाळी रंगाची, पुढच्या दिव्याची काच तडकलेली अशी ती आमच्याच बैलगाडीत तणसावर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर, आडवी झोपून स्टेशनावरून घरी आली. बाबा तिला शेवटपर्यंत ‘मोटारसायकल’ म्हणत. बाकी साऱ्यांसाठी ती फटफटी होती.

बाबा ती चालवायला शिकले नाहीत. मालकानं स्वतः चालवायचं नसतं. चालवायचा माझा भाऊ मनोहर, म्हणजे दादा; बाबा मागं बसत, डोक्यावर फेटा, हातात उघडी छत्री. छत्री पाऊस असो नसो उघडीच असे, कारण तिच्यामुळं लांबून ओळखू येत. वाऱ्यानं ती एकदा उलटी झाली तेव्हा बाबांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही, तसेच उलट्या छत्रीखाली ताठ बसून अर्जुनीच्या बाजारात शिरले. दादा सांगतो, लोक बाजूला झाले ते अदबीनं. मला तेव्हाही शंका होती.

फटफटीला जागा दिली होती धानाच्या कोठीत, कारण घरातली सगळ्यात कोरडी आणि मानाची जागा तीच. तिथं धान होतं म्हणून उंदीर होते, आणि उंदरांना लष्करी तारांवरचं सुताचं वेष्टण धानापेक्षा आवडलं. एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. चिन्नोरचा भात, बांबूच्या कोवळ्या कोंबांची म्हणजे वास्त्याची भाजी, जवसाची चटणी. आणि बंद कोठीतून एकाएकी हॉर्न वाजू लागला. थांबेचना.

“पाहुणा आला वाटते,” आई म्हणाली.

“कोठीतून?” दादा म्हणाला.

बाबा मात्र हात धुऊन, टोपी घालून स्वागताला उभे राहिले होते.

त्या दिवशी मी पहिल्यांदा तार धरून चालत गेले. हॉर्नच्या बटनापासून निघाले, टाकीखालून, दिव्याच्या मागून, आणि एका कोपऱ्यात तांबं उघडं पडून लोखंडाला टेकलेलं सापडलं. बोटानं तार दूर केली, हॉर्न गप्प. टेकवली, हॉर्न चालू. मी ते सहासात वेळा केलं, आईनं ओरडेपर्यंत. जगात एवढी प्रामाणिक वस्तू मी तोवर पाहिली नव्हती. माणसाला विचारलं, का ओरडतोस, तर तो भलतंच सांगतो. तार मात्र नेमकी जागा दाखवते. उघड्या तांब्यावर आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली आणि वरून पळसाच्या फांदीवरची लाख वितळवून लावली. आमच्या जंगलात लाख मुबलक, आणि विजेला ती अडवते हे मला पुस्तकातून कळलं होतं.

पुस्तक म्हणजे फटफटीबरोबर आलेलं तेलकट इंग्रजी पुस्तक. घरात ते वाचू शकणारी मी एकटी. मामांकडं गोंदियाला राहून मी मॅट्रिकपर्यंत शिकले होते; दादानं शाळा आधीच सोडली होती, परस्परांच्या संमतीनं. पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता होता: काय बिघडलं, कशामुळं, काय करावं. मी तो मराठीत उतरवून वहीत लिहून काढला आणि रकान्यांना नावं दिली लक्षण, कारण, उपाय. आमच्या वैद्यांपेक्षा तो फार बरा होता. एक म्हणजे तो नाडी न पाहता बोलायचा, आणि दुसरं, एका लक्षणाला चार कारणं आहेत हे आधीच कबूल करायचा. बाबांकडं सगळ्या लक्षणांना एकच कारण होतं. फटफटी थांबली की ते उतरत, छत्री मिटत, आणि सांगत, “बॅटरी.”

या पुस्तकानं माझं एक नुकसानही केलं. माझं इंग्रजी त्यातूनच तयार झालं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य आज्ञेचं होतं. काढा. पुसा. तेल द्या. घट्ट बसवा. मॅट्रिकच्या पेपरात ‘माझा आवडता मित्र’ या विषयावर निबंध आला, आणि मित्राची निगा कशी राखावी हे मी मुद्देसूद लिहिलं. इंग्रजीत नापास झाले. बाकी सगळ्या विषयांत पास.

आता पुरवणी परीक्षेत तेवढा एक पेपर पुन्हा द्यायचा होता. इतकी वर्षं झाली, तरी त्या पेपरावर काय टांगलं होतं ते सांगताना माझा हात थोडा सावध होतो. पास झाले तर मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं, हे बाबांनी कबूल केलं होतं. नापास झाले तर तिरोड्याकडचं एक स्थळ तयार होतं. मुलगा वाईट नव्हता. तो एकदा येऊन गेला, पोहे खाल्ले, कोठीत फटफटी पाहिली आणि विचारलं, “हे कोण दुरुस्त करते?” मी म्हटलं, मी. तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. त्या हसण्यानंतर मी इंग्रजीचा अभ्यास पहाटे उठून करू लागले.

पेपर होता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गोंदियाला. स्टेशन आमच्या गावाहून पाच मैल. तिथून गोंदियाकडं जाणारी, मला वेळेत पोचवणारी गाडी एकच, पोळ्याच्या दिवशी दुपारी एकची. खरं म्हणजे मी दोन दिवस आधीच जायला हवं होतं. पण बाबांनी ठरवलं होतं की मुलगी परीक्षेला निघेल ती पोळ्याच्या दिवशी, साऱ्या गावासमोर, मोटारसायकलवर. आई म्हणाली, “सोमवारी बैलगाडीनं जाऊ द्या नं.” बाबा म्हणाले, “बैलगाडीनं तं कोणीही जाते.” आणि पोळ्याच्या दिवशी बैलगाडीचा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तेव्हा सगळा भार सहा व्होल्टवर येऊन पडला.

सहा व्होल्टवर म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. दिवा आणि हॉर्न बॅटरीवर चालत. इंजिनाला लागणारी ठिणगी मात्र मॅग्नेटो नावाच्या वेगळ्या डब्यात तयार व्हायची. बॅटरी मेली तरी तो आपलं काम करतो. त्याच्या तोंडाशी एक पितळी झाकण, झाकणाखाली तांदळाच्या कणीएवढे दोन धातूचे दाणे. इंजिन फिरलं की ते चिकटतात, सुटतात, चिकटतात, सुटतात, आणि दर सुटण्याला तिकडं प्लगमध्ये एक ठिणगी पडते. अख्खं धूड, बाबा आणि छत्रीसकट, त्या दोन कण्यांच्या भरवशावर चालायचं.

पोळ्याच्या आदल्या दुपारी मी पुस्तकाप्रमाणं ‘प्रवासापूर्वीची तपासणी’ केली. झाकण काढलं. दाणे घासायला पुस्तकात बारीक पॉलिश कागद सांगितला होता, तो नव्हता. परसातल्या पारिजातकाचं पान वापरलं. पारिजातकाचं फूल सगळ्यांना ठाऊक असतं, त्याचं पान किती खरखरीत असतं ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. मग दादाला सावकाश किक दाबायला लावून दाणे कसे उघडतात ते त्याला दाखवलं. आमचा सालदार मंगरूकाका बाजूला बसून बैलांसाठी सुताचे गोंडे वळत होता. तोही वाकून पाहून गेला. मंगरूकाका आमच्याकडं माझ्या जन्माआधीपासून नांगर धरत होता, आणि घरातल्या कामाच्या प्रत्येक जनावराशी त्याचं बोलणं होतं. तेवढ्यात आईनं पुरण वाटायला हाक मारली. मी पाटा-वरवंट्याकडं गेले आणि पुरणात सगळं विसरले.

सकाळी घर सुगंधात बुडालं होतं. पुरणपोळ्या, उडदाचे वडे, तव्यावर साजूक तूप. अंगणात बैलांची शिंगं रंगवून झाली होती, त्यांच्यावर बेगड चमकत होती. फटफटीच्या हँडललाही दोन्ही टोकांना गेरू लावलेला आणि गोंडे बांधलेले मी पाहिले. मला ते छानच वाटलं. बाबा केशरी फेटा बांधून ओसरीवर उभे. गावातली पंचवीस-तीस माणसं काहीच काम नसल्यासारखी अंगणात जमलेली, म्हणजे बाबांनी बोलावलेली. नारळ तयार. दादानं रुबाबात किक मारली.

काही नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा. दहाव्या वेळी त्याचा सदरा पाठीला चिकटला, विसाव्या वेळी जमलेल्या पोरांनी मोजायला सुरुवात केली.

“बॅटरी,” बाबा म्हणाले.

“बॅटरीचा संबंध नाही, बाबा. ठिणगी नाही.”

“मंग ठिणगीची बॅटरी गेली असंल.”

पुस्तक आणलं. प्लग काढला, तारेला जोडून इंजिनावर आडवा ठेवला. किक मारताना टोकाशी निळी ठिणगी दिसायला हवी, पण लखलखीत उन्हात ती दिसत नाही, अंधार पाहिजे. मी मंगरूकाकाची घोंगडी डोक्यावर घेऊन प्लगवर ओणवी झाले. बाहेरून दादा किक मारत होता. मालगुजाराची उपवर मुलगी भर अंगणात घोंगडीखाली वाकून बसली आहे, या दृश्याबद्दल नंतर तिरोड्यापर्यंत बोललं गेलं असं ऐकते.

“दिसली का, सुमे?”

“नाही.”

“अजून मारू का?”

“मार.”

“आत का दिसून राहिलं?” हे बाबा.

“अंधार.”

अंगण हसलं. मी घोंगडीतून बाहेर आले तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी होतं. ते घोंगडीच्या वासानं, असं मी तेव्हा सांगितलं. दहा वाजून गेले होते. प्लग पेट्रोलनं धुतला, पुसला, तापवला. तरी ठिणगी नाही. आई म्हणाली, “पोरगी पायीच निघू दे नं आता. पाच मैल तं हाय.” बाबांनी तिच्याकडं असं पाहिलं की ती परत वडे तळायला गेली.

“शिकून राहिली, शिकून राहिली, अन् तिथंच बसून राहिली,” बाबा माझ्यावर उखडले. “शेवटच्या बांधीत पाणी आलं नाही तं बांधीत उभं राहून का होते? पाटानं वर चालत जा. पाह कुठवर आलं अन् कुठून आलं नाही. एवढंही समजत नाही का?”

मला वाटतं, बाबांच्या आयुष्यातलं हे सर्वांत शहाणं वाक्य, आणि ते रागात बोलले. तलाव बांधणाऱ्यांच्या घरात हे प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक असतं. शेवटचं शेत, म्हणजे आमची बांधी, कोरडी राहिली तर पाटाच्या काठानं वर जायचं. प्रत्येक वळणावर पाणी आहे का पाहायचं. जिथं आहे आणि त्यानंतर जिथं नाही, त्या दोहोंच्या मध्ये फुटलेला बांध असतो. त्यात बिघाड शोधण्याचं सगळं शास्त्र आलं. मी मात्र तासभर बांधीतच, म्हणजे प्लगातच, चिखल तुडवत होते.

मी वर निघाले. प्लग काढून ठेवला, नुसत्या तारेचं टोक इंजिनापासून काडीभर दूर धरलं, दादानं किक मारली, काही नाही. म्हणजे प्लग निर्दोष. तार हातांनी तपासली. वेष्टण शाबूत, उंदरांनी या वेळी दया केली होती. म्हणजे तारही निर्दोष. राहिला मॅग्नेटो. मी गुडघ्यांवर बसून खाली पाहिलं. पितळी झाकण जागेवर नव्हतं. काल मी ते लावलंच नव्हतं. आणि आतले दोन दाणे दिसतच नव्हते. त्यांच्या जागी पिवळा धम्मक, मऊसूत गोळा होता. मी बोट लावलं, नाकाशी नेलं. साजूक तूप आणि हळद.

ज्यांनी पोळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू घासून जिथं घट्टा पडतो तिथं कोमट तूप-हळद पळसाच्या पानानं चोळतात, आणि बैलाला दुसऱ्या दिवसाचं जेवायचं आमंत्रण देतात: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

“मंगरूकाका,” मी म्हटलं, “इथं तूप कोणी लावलं?”

“मी लावलो, माय,” मंगरूकाका अभिमानानं म्हणाला. “काल तूच तं मनोहरले दाखवून राहिली व्हती. थो लहानसा दात खटखट घासून राहिला व्हता. मी मनलो, वर्षभर बिचारा घासून राहिला, अन् याले कोणी थेंबभर तूप लावलं नाही. मंग लावलो. चांगलं दाबून लावलो.”

त्याच्या तर्कात काही चूक नव्हती. जे घासतं त्याला तूप लावतात. पुस्तकातही पानोपानी तेच लिहिलं होतं, फक्त या एका जागेसाठी उलटं लिहिलं होतं. या दोन दाण्यांमध्ये कसलाही थर आला की वीज थांबते. उघडं ठेवणारी मी होते. दादा आज पंच्याऐंशीचा आहे, हे प्रकरण तो वाचणार आहे, आणि ‘झाकण मंगरूनं काढलं’ असं तो साठ वर्षं लोकांना सांगत आला आहे. दादा, झाकण मी काढलं होतं.

झाकण शोधलं तर ते गोठ्यात सापडलं, बैलांपुढं, उरलेलं तूप त्यातच होतं. चांगली पितळी वाटी दिसते ती. पेट्रोलात बुडवलेल्या चिंधीनं मी दाणे धुतले, पारिजातकाचं पान फिरवलं, वहीचा पातळ कागद दोन दाण्यांमधून ओढून पाहिला. पहिल्यांदा पिवळा निघाला, मग फिकट, मग कोरा. तारेचं टोक पुन्हा इंजिनाजवळ धरायला मी वाकले, तोच बाबा ओसरीवरून खाली उतरले.

“थांब. पाणी आलं का पाहतो,” ते म्हणाले, आणि पाटात हात घालावा तसं त्यांनी तारेचं टोक दोन बोटांत धरलं. “मनोहर, मार!”

“बाबा, नको…” मी म्हणेपर्यंत दादानं मारली.

बाबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्यापूर्वी आणि त्यानंतर कधी ऐकला नाही. ते जागच्या जागी वीतभर उडाले. फेटा वेगळा उडाला. बाबांनी हात झटकला, बोटांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि एकदम हसू लागले. पोट धरून, खाली बसून, बोडक्या डोक्यानं हसत राहिले. “आलं!” ते म्हणाले. “पोरी, पाणी आलं! तलाव फुटल्यासारखं आलं!” मग सगळेच हसले. दारात आई पदर तोंडाला लावून हसत होती. बाबांचं बोडकं डोकं गावानं त्या दिवशी प्रथम पाहिलं असावं. त्यात पाहण्यासारखं काही विशेष नव्हतं, पण मला ते फार आवडलं.

एवढं झाल्यावर मंगरूकाकानं फटफटीपुढं हात आडवा धरला आणि दाराकडं वळून आईला म्हणाला,

“मालकीनबाई, याले आज जुपता नाही येत. काल मीच याले आवतन देलो. याचा आजचा दिवस जेवाचा हाय.”

अकरा वाजत आले होते. दादा चिडला, “काका, ते लोखंड हाय!”

“नांगराचा फाळ लोखंड नोहे का? त्याची पूजा कायले करता मंग?”

बाबांनीही मान डोलावली, कारण चाली सांभाळण्यात ते मंगरूकाकाच्या पुढंच होते. शेवटी आई झारा हातात घेऊन अंगणात आली.

“मंगरू, बैलाले कोणी लाथ मारते का रे?”

“राम राम! पाप लागंन.”

“याले लाथ मारल्याबिगर हा चालते का?”

मंगरूकाकानं सकाळभर लाथाच मोजल्या होत्या. हँडलला लावलेला गेरू त्यानं पाहिला, गोंडे पाहिले.

“नाही चालत,” तो म्हणाला. “मंग हा बैल नोहे.”

“घोडा हाय थो,” आई म्हणाली. “घोड्याचा पोळा नसते.”

“नसते,” मंगरूकाकानं मान्य केलं, आणि आपल्या हातानं एक पुरणपोळी फटफटीच्या टाकीला टेकवून मग मला खायला दिली. घोडा असला तरी आमंत्रण दिलेलं होतं. मी पुढं बरेच वादविवाद ऐकले, काही सभागृहांतलेही. इतक्या कमी वाक्यांत, कोणाचाही मान न दुखवता मिटलेला वाद माझ्या ऐकण्यात नाही.

प्लग बसवला, झाकण घट्ट लावलं. दादानं किक मारली आणि पहिल्याच लाथेला फटफटी बोलली. तो आवाज मला आजही ऐकू येतो, थोडा खोकल्यासारखा, थोडा हसल्यासारखा. तापलेल्या तुपाच्या वासाचा एक झोत एक्झॉस्टमधून नव्हे, स्वयंपाकघरातून आला, पण मला तेव्हा दोन्ही एकच वाटलं. कोणीतरी नारळ फोडायला उचलला, आणि मी ओरडले, “मॅग्नेटोवर नको!” बाबांनी तो दगडावर फोडला. माझी पत्र्याची पेटी काही केल्या मागं बांधता येईना. तेव्हा मंगरूकाका म्हणाला, “तुमी व्हा पुढं, मी घेऊन येतो,” आणि ती डोक्यावर घेऊन बांधाबांधानं निघालासुद्धा. बाबा मागं बसणार नव्हते, जागा मला हवी होती. त्यांनी फक्त छत्री माझ्या हातात दिली. उघडून.

पाच मैलांचा तो रस्ता म्हणजे आयुष्यातला माझा सर्वांत आनंदाचा प्रवास. दोन्ही बाजूंना पोटऱ्यात आलेलं, आत लोंब्या धरलेलं धान, वर धुतलेलं आभाळ, ठिकठिकाणी डबक्यांत उडणारा चिखल, आणि वाटेतल्या प्रत्येक गावात रंगवलेल्या शिंगांचे बैल आमच्याकडं माना वळवून पाहत असलेले. दादा गात होता, बेसूर. मी मागं बसून इंग्रजी क्रियापदांचे भूतकाळ म्हणत होते आणि मधूनमधून वाकून मॅग्नेटोचं झाकण बोटानं चाचपत होते. दोनदा चिखलात रुतलो, दोनदा ढकललं. स्टेशनावर पोचलो तेव्हा गाडीला चांगली पाऊण तासाची सवड होती.

पेपर बरा गेला, हे आत्ताच सांगून टाकते. मी पास झाले, इंग्रजीत काठावर, ट्रेनिंगला गेले, तिरोड्याच्या मुलानं दुसरीकडं लग्न केलं आणि मला कळवलंही नाही, जे त्याचं बरोबरच होतं. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी फलाटावर, गुडघ्यांपर्यंत चिखल, नखांत हळद, हातात उघडी छत्री, अशी मी उभी होते आणि मला फार मोठं काहीतरी जाणवत होतं. नवा देश, नवं युग, शिकणाऱ्या मुली, माणसाच्या हाताखाली आलेली वीज. वेळेवर विजय मिळवणारं यंत्र, आणि त्या यंत्रावर विजय मिळवणारी बुद्धी, असं एक वाक्यही मी मनात तयार केलं, निबंधात घालावं म्हणून. ते इंग्रजीत मला येत नव्हतं.

एक वाजला. सव्वा वाजला. पुढं कुठंतरी रुळावर पाणी आहे, असं स्टेशनमास्तर म्हणाले. दीड वाजता मंगरूकाका पायी आला, डोक्यावर पेटी, अंगाला चिखलाचा एक शिंतोडा नाही. त्यानं पेटी खाली ठेवली, बिडी पेटवली, ती शेवटपर्यंत ओढली, मग लिंबाखाली अंगोछा पसरून जरा झोपला. उठल्यावर त्यानं आणखी एक बिडी ओढली, आणि त्यानंतर गाडी आली.